कावळा शिवेपर्यंत बोलणारे सुरवसे सर

सुरवसे सर आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायला आले, तेव्हा टेम्पोतून एक पलंग उतरला, एक फ्रीज उतरला आणि मग दिवस मावळेपर्यंत पुस्तकंच उतरत राहिली. माझ्या बायकोनं, कस्तुरानं, गॅलरीतून विचारलं, "काय वो, दुकान टाकताय का?"

"नाही, वाचतो," सर म्हणाले.

कस्तुरा आत येऊन मला म्हणाली, "वाचतो म्हणतोय. निरुपद्रवी मानूस दिसतोय."

ह्या निरुपद्रवी माणसानं पुढं आमच्या थेरगावात काय करून ठेवलं, ते आता सांगतो.

सरांचं पूर्ण नाव डॉक्टर ज्योतीराम सुरवसे. सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई अंगात कणकण आहे म्हणून त्यांच्याकडे गेल्या. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपण तापातले डॉक्टर का नाही, डॉक्टर हा शब्द मुळात कुणासाठी होता, पुढं तो दवाखान्यात कसा गेला, हे सगळं समजावून सांगितलं. बाई खाली आल्या तेव्हा कस्तुरानं विचारलं, "गोळी दिली का?" बाई म्हणाल्या, "न्हाई. पन सांगितलं लई चांगलं. बरं वाटलं."

सर मूळचे धाराशिवकडचे. वडील एसटीत कंडक्टर. सर पुण्याला विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे. डोक्यात सारखं काहीतरी चाललेलं असायचं, त्यामुळं पायाकडं लक्ष नसायचं. एकदा मारुंजीला मेव्हण्याकडं जेवायला निघाले आणि डांगे चौकात उभ्या असलेल्या कुठल्याशा कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरनं विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही. उतरले ते भलत्याच दिशेला, कुरुळीला, सेकंड शिफ्टच्या माणसांबरोबर, कंपनीच्या गेटवर. तिथून मेव्हण्याला फोन केला, की मारुंजी बरीच बदललेली दिसते.

आता मुद्द्याची गोष्ट. सर एकदा गच्चीवर माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "नाना, वीस वर्षं झाली, मी स्थानिक स्वराज्य संस्था हा पेपर शिकवतोय. महापालिकेचं सभागृह कसं असतं, महापौर कुठं बसतात, ठराव कसा मांडतात, उपसूचना कशी येते, सगळं शिकवतो. पण सभागृहात मी कधी गेलेलो नाही. एकदा विद्यार्थी घेऊन गेलो होतो. गॅलरीचे पास संपले होते. आम्ही बाहेरच्या बागेत बसून डबे खाल्ले."

"मग निवडणूकच लढवा की," मी आपलं गमतीनं म्हणालो.

"मी तोच विचार करायलोय," सर म्हणाले. मनातलं बोलताना त्यांची धाराशिवची बोली बाहेर यायची, त्यावरून मला कळलं की हे खरं आहे.

वर्षालीताई, म्हणजे सरांच्या मंडळी, हिंजवडीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्या कपडे वाळत घालत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "ज्यांना मारुंजी सापडत नाही, ते प्रभाग सांभाळणार."

पण सरांनी नियम बघितले, विद्यापीठात बिनपगारी रजेची चौकशी करून ठेवली आणि तिकीट मागायला रंगरावांकडं गेले.

रंगराव म्हणजे आमच्या प्रभागातले पक्षाचे मुख्य माणूस. तिकीट कुणाचंही असो, रंगरावांच्या ओसरीवरूनच वर जातं. गेल्या निवडणुकीला रंगराव स्वतः उभे होते. ती निवडणूक आमच्याकडं अजून कुणी विसरलेलं नाही. मतं मोजली तर दोघांची सारखी. परत मोजली, परत सारखी. शेवटी चिठ्ठी काढली आणि चिठ्ठीत रंगराव पडले. एका मतानं घात केला, आणि ते मत कुणाचं हे रंगरावांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. समोरच्या दादासाहेबांचं. दादासाहेबांचं नळ-पाइपांचं दुकान, रंगरावांच्या बंगल्याच्या बरोबर समोर. मतदानाच्या दिवशी ते केंद्रातून हसत बाहेर आले होते, हा पुरावा. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. दादासाहेबांनी देवळात जाऊन शपथ घेतली, तरी रंगराव म्हणाले, "शपथ घ्यायची गरज पडली म्हंजे झालंच की."

ह्या वेळी सोडत निघाली आणि रंगरावांची जागा आरक्षणात गेली. ज्या प्रवर्गात गेली त्यात सुरवसे सर बसत होते. पण त्यातच सनीही बसत होता. सनी हा रंगरावांचा उजवा हात. चौकाचौकात त्याचे फ्लेक्स, गॉगल लावून, खाली लिहिलेलं भावी नगरसेवक. सर गेले तेव्हा रंगरावांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "सर, तुमाला वळखतं कोण?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वर्तमानपत्रवाला," ते म्हणाले.

"मग आधी घाटावर दिसा," रंगराव म्हणाले.

घाट म्हणजे पवनेचा घाट. आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी घाटावर दशक्रिया विधी होतो. मंडप, खुर्च्या, स्पीकर. एका बाजूला पोरांची डोकी भादरणं चाललेलं, दुसऱ्या बाजूला महाराजांचं प्रवचन. पिंड मांडून ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा शिवला की लोक उठतात. तोवर उठता येत नाही. आणि बसलेली, उठू न शकणारी एवढी माणसं पुढाऱ्याला दुसरीकडं कुठं मिळणार? म्हणून सगळे इच्छुक झाडून येतात आणि श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलतात. त्यातून मध्ये निवडणुकाच लांबल्या, वर्षांमागून वर्षं गेली, तेव्हा इच्छुकांना घाटाशिवाय दुसरं काम उरलं नव्हतं. एकेका दशक्रियेला मयताच्या सोयऱ्यांपेक्षा पुढारी जास्त.

बोलायचं काय ते ठरलेलं. मयत धार्मिक, मनमिळाऊ आणि सर्वांना बरोबर घेऊन जाणारे. सनी हेच बोलायचा. आमच्या गल्लीतला एकजण चाळीस वर्षं भावकीशी कोर्टात भांडला आणि निकालाआधी गेला. सनी म्हणाला, सर्वांना बरोबर घेऊन जाणारे. मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय, कोर्टात."

सर पहिल्यांदा बोलले ते माझ्या चुलतभावाच्या, किसनच्या दशक्रियेला. त्या दिवशी कावळा काही केल्या येईना. महाराजांना दुसऱ्या घाटावर प्रवचन होतं, ते पोथी बांधून निघून गेले. सगळे पुढारी बोलून झाले. सूत्रसंचालकाकडची नावं संपली. त्यानं समोर नजर फिरवली आणि म्हणाला, "आपल्यात विद्यापीठाचे प्राध्यापकही बसलेले आहेत. सर, आपण दोन शब्द बोलावेत, ही विनंती."

सर उठले. म्हणाले, "किसनरावांविषयी मला जी माहिती उपलब्ध आहे, ती मर्यादित आहे." असं आमच्या घाटावर आजवर कुणी म्हणालं नव्हतं. लोक सावरून बसले. "मी त्यांना फक्त गॅलरीतून पाहिलेलं आहे. ते कंपनीतून निवृत्त झाले होते. तरी रोज पहिल्या शिफ्टची बस यायच्या वेळेला स्टॉपवर जाऊन उभे राहायचे. बस थांबायची. किसनराव ड्रायव्हरला हात करून सांगायचे, जा तू, मी येत नाही. मग बस जायची आणि किसनराव घरी येऊन चहा प्यायचे."

 किसनची बायको पदरात तोंड घालून रडायला लागली. आम्ही घरचे, पण हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं तो दूध आणायला जातो.

मग सर थांबलेच नाहीत. त्यांना वर्गाची सवय. तास संपल्याची घंटा होत नाही तोवर बोलायचं. माणूस कामावरून सुटला तरी वेळ त्याला सोडत नाही, ह्यावर ते बोलत राहिले, लोक ऐकत राहिले, आणि कावळा कधी शिवला ते गुरुजींनी ओरडून सांगावं लागलं.

बस. तेव्हापासून थेरगावात, काळेवाडीत, अलीकडं-पलीकडं कुणी गेलं की लोक आधी गुरुजींना फोन करायचे आणि मग सुरवसे सरांना. कावळा उशिरा आला तरी मंडप धरून ठेवणारा माणूस मिळाला होता.

पण सर संशोधनातले. ऐकीव बोलायचे नाहीत. दशक्रियेच्या आधी मयताच्या घरी जायचे, सतरंजीवर बसायचे आणि एकेकाला विचारायचे. त्यांना राग कशाचा यायचा? घरी कुणाशी बोलायचे नाहीत? शेवटचं खळखळून कधी हसले? सुरुवातीला लोक बिचकले. मग सांगायला लागले. माणूस गेल्यावर सगळे त्याच्या आजाराचंच विचारतात, हे निदान दुसरं काही विचारत होते.

आणि बोलताना सर कुठून काय कळलं तेही सांगायचे. त्याशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य पुरं व्हायचं नाही. एका म्हाताऱ्या बाईंच्या दशक्रियेला म्हणाले, "धाकट्या सूनबाईंच्या म्हणण्यानुसार, सासूबाईंना थोरल्या सूनबाईंच्या हातची आमटी आवडत नसे. थोरल्या सूनबाईंनी ही माहिती नाकारलेली आहे. मी दोन्ही मतं मांडतो."

त्या घरात तेराव्याचा स्वयंपाक दोन चुलींवर झाला.

वर्षालीताईंनी सरांना समोर बसवलं. मी तिथंच होतो, कस्तुरानं चटणी दिली होती ती पोचवायला गेलो होतो.

"लोकांची नावं कशाला घेता तुम्ही?"

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. माझं फार चुकलं. माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवायची, हा संशोधनातला पहिला नियम आहे. मी विद्यार्थ्यांचे प्रबंध यावरून परत पाठवतो."

"मग?"

"मग इथून पुढं कुणाचंही नाव येणार नाही."

आणि नाही आलं. पुढच्या दशक्रियेपासून सर म्हणायला लागले, एक सून, एक शेजारी, एक जावई. लोकांना हे आधीपेक्षा जास्त आवडलं. सर म्हणायचे, "एका सुनेनं सांगितलं," की मागं बायकांत कुजबुज. "मधली! मधलीच असनार!" नाव गाळल्यानं भांडण कमी झालं असं नाही, पण गर्दी वाढली.

रंगरावांच्या कानावर हे सगळं जात होतं. सनी कुरकुर करायचा, "भाऊ, हा माणूस मयतावर मार्केटिंग करतोय." रंगराव म्हणायचे, "मग तू काय करतोस? गॉगल काढत न्हाईस घाटावर."

अशात रंगरावांचे वडील गेले. अर्जुनराव. आम्ही आबा म्हणायचो. वय झालेलं, झोपेतच गेले. आबा म्हणजे तिखट माणूस. त्यांच्या आवारात पोरांचा बॉल गेला तर तो परत यायचा नाही. आबांच्या माळ्यावर एका क्लबला पुरतील एवढे बॉल निघाले. कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत, म्हणायचे, वाकतोस कशाला, काम सांग.

रंगरावांनी सरांना बोलावलं. "सर, आबांच्या दशक्रियेला तुमीच बोलायचं. मुंबईहून वरचे साहेब येनार हायत. चांगलं बोला. साहेबांसमोर तुमचं काम झालं, तर तिकिटाला माझी ना न्हाई."

सर तिथून आले ते तरंगतच आले. मला म्हणाले, "नाना, सभागृह एका भाषणावर आलं."

आता सर चौकशीला बंगल्यावर गेले. आणि तिथं त्यांना काहीच मिळेना. गडी म्हणाला, आबा देवमाणूस. सून म्हणाली, देवमाणूस. सनी म्हणाला, धार्मिक, मनमिळाऊ. रंगरावांच्या घरातलं, बोलणार कोण? सर तिथून उठणारच होते, तेवढ्यात आतून सावित्रीबाईंनी, म्हणजे आबांच्या मालकिणीनं, हाक मारली. "मास्तर, जरा हिकडं या."

त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. हे मला अर्थातच नंतर कळलं. अख्ख्या थेरगावाला एकदमच कळलं.

गोष्ट अशी होती, की गेल्या निवडणुकीला आबांनी रंगरावांना मत दिलंच नव्हतं. मतदानाच्या आदल्या दिवशी घरोघरी पत्रकं वाटली होती. सनीनं एक आबांच्याही हातात दिलं. वर लिहिलेलं, प्रिय मतदार बंधू. आबांनी ते दोनदा वाचलं. सावित्रीबाईंना म्हणाले, "जनमभर आबा म्हनला, आता मला बंधू करतोय. त्याला सवड न्हाई घरात येऊन एक शब्द बोलायची." दुसऱ्या दिवशी फेटा बांधून गेले आणि दुसऱ्याच चिन्हाचं बटन दाबून आले. मग मतं सारखी झाली, चिठ्ठी निघाली, रंगराव पडले आणि आळ दादासाहेबांवर गेला. आबा पोराला घाबरणारे नव्हते, पण हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेव्हापासून दर दिवाळीला सावित्रीबाईंच्या हातानं मागल्या दारानं दादासाहेबांकडं फराळ जायचा. दादासाहेबांना वाटायचं, माउलीचं मन मोठं.

"त्यांच्या जीवाला ते लागून होतं," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमी शिकलेलं हायसा. बोलायचं का न्हाई ते तुमी बघा. फकस्त माझं नाव घेऊ नका."

"कुणाचंच नाव घेणार नाही," सर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना हर्ष मावेना. वर्षालीताईंना म्हणाले, "घरच्यांच्या दबावाला न जुमानता स्वतंत्र बुद्धीनं मत देणारा मतदार! परदेशातले लोक अशा मतदारावर ग्रंथ लिहितात आणि त्यांना तो सापडत नाही. तो इथंच, रंगरावांच्या बंगल्यात होता गं! आणि मी त्याला कधी भेटलो नाही!"

वर्षालीताईंनी लॅपटॉप मिटला. "हे तुम्ही घाटावर बोलणार आहात?"

"हीच तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे."

"आणि तिकीट?"

"नाव घेणार नाही ना मी."

"कुणाचं?"

"कुणाचंच," सर म्हणाले, आणि निश्चिंत मनानं सदऱ्याला इस्त्री करायला गेले. वर्षालीताईंना वाटलं, निघेपर्यंत ह्यांना स्वतःलाच कळेल. कळलं नाही.

दशक्रियेला मंडप घाटाच्या वरपर्यंत गेलेला. पंखे, सोफे, साहेब मधोमध. रंगराव नव्यानं भादरलेलं डोकं घेऊन खाली पिंडाजवळ हात जोडून उभे. दादासाहेबही आले होते, शेवटच्या रांगेत खांबाला टेकून. मयताला यायला बोलणं लागत नाही. समोरच्या उंबरावर कावळे होते, भरपूर होते, पण एक खाली उतरेना.

असं झालं की घरचे मयताला शब्द देतात. मनात काही राहिलं असेल तर पुरं करू म्हणून. रंगराव म्हणाले, "आबा, आईला सांभाळतो." कावळा नाही. "आबा, नातीचं लगीन धडाक्यात करतो." कावळा नाही. "आबा, चौकाला तुमचं नाव देतो." एक कावळा जरा हलला आणि परत बसला. सनीला राहवलं नाही. तो पुढं येऊन मोठ्यानं म्हणाला, "आबा, रंगभाऊंना आमदार करतो!" तेव्हा सगळे कावळे उडाले आणि नदीच्या पलीकडं जाऊन बसले.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात सूत्रसंचालकानं सरांचं नाव पुकारलं.

सरांनी माइक सारखा केला. "सज्जनहो, ह्या भागात एक ज्येष्ठ मतदार राहत होते. त्यांचं नाव मी सांगणार नाही."

मी डोळे मिटून घेतले. कस्तुरानं माझ्या दंडाला चिमटा काढला. "कुनाच्या दहाव्याला आलोय आपन?" ती म्हणाली.

"ह्या मतदारांचा मुलगा निवडणुकीला उभा होता. मुलाचंही नाव मी सांगणार नाही." खाली पिंडाजवळ रंगरावांनी मान वर केली. "मुलानं वडिलांना इतर मतदारांसारखंच एक छापील पत्रक पाठवलं. वडिलांनी विचार केला, की मी मतदार असेन तर मतदारासारखंच वागलं पाहिजे. त्यांनी केंद्रात जाऊन मुलाच्या विरोधात मत दिलं. मतं सारखी पडली. चिठ्ठी काढावी लागली. मुलगा पडला."

महापालिकेच्या सगळ्या इतिहासात असं कितीदा झालं असेल मला माहीत नाही, पण थेरगावात एकदाच झालेलं.  मागून फक्त एक शब्द आला, "आयला!" तो दादासाहेबांचा होता.

"ह्याचा दोष एका निरपराध शेजाऱ्यावर आला," सर सांगत राहिले. आवाज नेहमीसारखा, वर्गातला. "ते शेजारी आज इथं उपस्थित आहेत. मागच्या रांगेत, खांबाजवळ. परंतु त्यांचीही ओळख मी उघड करणार नाही."

सगळा मंडप मागं वळला. साहेबसुद्धा वळले. दादासाहेबांनी नमस्कार केला.

"त्या ज्येष्ठ मतदारांना ही गोष्ट शेवटपर्यंत लागून राहिली होती. तोंडानं कबूल करता आलं नाही, म्हणून ते दर दिवाळीला त्या घरी फराळ पाठवत राहिले. लोकशाही आणि शेजारधर्म दोन्ही सांभाळणारा असा नागरिक मी पुस्तकांतही पाहिलेला नाही. माझ्या माहितीचा स्रोत त्या मतदारांच्या पत्नी आहेत. त्यांचं नाव गुप्त ठेवण्याचं मी वचन दिलेलं आहे."

सावित्रीबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला.

आणि गुरुजी ओरडले, "शिवला!"

नदीपलीकडून एक कावळा सरळ आला होता. सनीकडं न बघता, साहेबांकडं न बघता, पिंडावर बसला होता आणि निवांत खात होता. लोकांना उठायचं भान नव्हतं. मग एकजण म्हणाला, "ह्यातच जीव अडकला हुता बघा." लगेच सगळे तेच म्हणायला लागले. आता एवढं झाल्यावर रंगरावांना चिडता येईना. बाप ज्या गोष्टीनं सुटला, तिच्यावर चिडायचं कसं? ते आईजवळ गेले.

"आई, खरं हाय का हे?"

"मास्तर म्हनले हुते नाव घेनार न्हाई," सावित्रीबाई म्हणाल्या. "न्हाई घेतलं बाबा. शब्दाचा मानूस हाय."

रंगराव तसेच, उघड्या अंगानं, मंडपातून मागं चालत गेले. लोकांनी वाट दिली. दादासाहेब उठून उभे राहिले.

"दादासाहेब, मग त्या दिवशी तुमी हसत का बाहेर आलता?"

"आरं, शाई लावनाऱ्या बाईनं बोटाला आशी हळूच काडी फिरवली, की गुदगुल्या झाल्या मला," दादासाहेब म्हणाले. "हसू नको तर काय करू?"

रंगराव मान हलवत आईजवळ परत गेले. दुसऱ्या दिवशी मात्र समोरच्या दुकानात जाऊन नळाची तोटी घेऊन आले. मधल्या सगळ्या वर्षांत बंगल्याचा एकेक नळ त्यांनी चिंचवडहून आणलेला होता.

ते झालं, पण तिकिटाचं काय? घाटावरून येताना रिक्षात वर्षालीताई म्हणाल्या, "झालं तुमचं सभागृह."

"का?" सरांना खरोखरच कळेना. "नाव घेतलं का मी कुणाचं?"

ताई माझ्याकडं वळल्या. मग मला म्हणाल्या, "नाना, ह्यांना तुम्ही सांगा." मी म्हणालो, "मी सातवी शिकलेला माणूस, मी काय सांगणार?" आणि मला इतकं हसू येत होतं, की मी तोंड रिक्षाच्या बाहेर काढून बसलो.

सनीनं त्याच संध्याकाळी नवे फ्लेक्स लावले. आधीपेक्षा मोठे. सर दोन दिवस पुस्तकात डोकं घालून बसले. पान उलटत नव्हते, हे कस्तुरानं जिन्यातून बघितलं होतं. तिनं त्यांना थालीपीठ नेऊन दिलं, तर म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जरा लवकर जाईन. सकाळी पास मिळत असतील."

मग रंगरावांचं बोलावणं आलं. मीही गेलो. ओसरीवर सगळे जमलेले, सनी पांढरा शर्ट घालून पहिल्या खुर्चीत. रंगरावांच्या डोक्यावर जरा जरा केस आलेले.

"तिकीट सरांना," रंगराव म्हणाले.

सनी उठलाच. "भाऊ! ह्या मानसानं भर घाटावर तुमच्या घराची..."

"बस खाली. म्हनूनच म्हनतोय. सर हितं राहिले, तर पुढल्या दशक्रियेला बोलनार. पुढली दशक्रिया कुनाची, हाय कुनाला ठाव? माझा मामा सिरीयस हाय. मामाचं काय काय हाय ते मला म्हाईत हाय." ओसरीवरच्या बऱ्याच माणसांनी माना डोलावल्या. ज्याच्या त्याच्या घरी म्हातारं माणूस होतं. "ह्यांना सभागृहात बसवा. तिथं समोर विरोधक असत्यात. काय चौकशी करायची ती त्यांची करू द्या. साहेबांचंबी तेच म्हननं पडलं." मग सरांकडं वळून म्हणाले, "एकच अट. निवडून आल्यावर घाटावर बोलायचं न्हाई."

"आणि सभागृहात?" सरांनी विचारलं.

"तिथं कितीबी बोला."

प्रचाराचं थोडक्यात सांगतो. सर दारात दिसले की लोक घाबरून विचारायचे, "कोण गेलं वो?" सर म्हणायचे, कुणी नाही, मत मागायला आलोय. मग लोकांना इतकं हायसं वाटायचं, की चहा व्हायचा. आणि खरं सांगायचं तर लोकांनी आणखी एक विचार केला. रंगरावांनी अट घातली होती खरी, पण ती निवडून आल्यावरची. हा माणूस पडला तर घाटावर परत येणार. प्रभागात झाडून सगळ्यांनी मतदान केलं. सर दणक्यात निवडून आले. चिठ्ठीची वेळ आली नाही.

पहिल्या सभेला मला, कस्तुराला आणि वर्षालीताईंना प्रेक्षक गॅलरीचे पास सरांनी स्वतः आणून दिले. आम्ही वरून बघत होतो. सर आत आले, दारात थांबले, आधी छताकडं बघितलं, मग महापौरांच्या खुर्चीकडं, मग आपल्या बाकावरून हात फिरवला. वर्षालीताई चष्मा पुसायला लागल्या. रंगराव आमच्या शेजारी बसले होते, पाहुणे म्हणून.

सभा सुरू झाली. पहिलाच विषय, दिवंगत झालेल्या माजी सदस्यांना श्रद्धांजली. महापौर म्हणाले, नवीन सदस्यांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलावेत.

सरांनी हात वर केला.

रंगराव खुर्चीत पुढं सरकले. "नाना," त्यांनी मला हळूच विचारलं, "हे मयत कुनाच्या पार्टीचे?"

खाली सरांनी माइक सारखा केला. "महापौर महोदय, दिवंगत सदस्यांविषयी मला जी माहिती उपलब्ध आहे, ती मी गेले आठ दिवस त्यांच्या घरी जाऊन गोळा केलेली आहे. त्यात ह्या सभागृहातल्या काही सदस्यांचाही उल्लेख येतो. त्यांची नावं मी सांगणार नाही."

मी खिडक्यांकडं बघितलं. सगळ्या काचेच्या, बंद, आत एसी. कावळ्याला यायला कुठूनच जागा नव्हती.